आधी पाणंद मोजा, मग गाडी पाहा

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळचे सात वाजले होते, धुई अजून उतरायची होती आणि शेतातल्या आखाड्याकडं जाणाऱ्या पाणंदीत माझी गाडी पोटावर बसली. पावसाचा थेंबही पडला नव्हता. आदल्या रात्री वरच्या शेतात कॅनॉलच्या पाण्याची पाळी होती, चारी फुटली आणि पाणी रात्रभर पाणंदीत मुरलं. वरून रस्ता नुसता ओलसर दिसत होता. पन्नास पावलं गाडी बरी गेली, मग पुढची चाकं जागेवरच फिरायला लागली आणि खालून दगडावर पत्रा घासल्याचा आवाज आला. मागच्या सीटवर आई होती. पंचाहत्तरीची, दोन्ही गुडघे दुखणारी माझी आई चपला हातात घेऊन चिखलातून अर्धा किलोमीटर चालत आखाड्यावर गेली. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली तेव्हा चेंबर फुटलेला होता आणि तेलाची रेघ मागं पडत होती.

गाडी विकणाऱ्यानं मला सांगितलं होतं, "काका, एसयूव्ही आहे, कुठंही घाला." मी त्याला माझा रस्ता दाखवला नव्हता आणि त्यानंही विचारला नव्हता. अर्धापूर, मालेगाव, लहान, येळेगाव, दाभड या भागात ऊस-केळीचे पैसे हाती आले की घराघरांत गाडीचा विषय निघतो. पोरं मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ दाखवतात, घरातली मोठी माणसं हप्त्याचा हिशोब करतात, आणि ज्या रस्त्यावर गाडी रोज चालणार आहे त्याचा विषय मात्र निघतच नाही. म्हणून हे लिहितोय.

व्हिडिओत हिवाळ्यातली गाडी म्हणजे बर्फ, डोंगर आणि उडणारा चिखल असतो. आपला हिवाळा निराळा आहे. इसापूर धरणाचं म्हणजे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचं पाणी रब्बीत आवर्तनानं येतं. म्हणजे जून-सप्टेंबरात ढग जे करतात ते डिसेंबर-फेब्रुवारीत चाऱ्या करतात. जिथं पाळी चालू असते तिथला रस्ता ओला, आणि त्याच्या दोनशे पावलं पुढं पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या घट्ट झालेल्या. एका पाणंदीत दोन ऋतू असतात. त्यात नोव्हेंबरात कारखान्याचं गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या त्याच वाटेनं जातात आणि चाकोरी आणखी खोल करतात.

आपली काळी माती हीच या सगळ्याची मुख्य अडचण आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते, हे आपण लहानपणापासून पाहतो. पण चाकाखाली तिचं काय होतं ते नीट बघा. ओली काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि बाहेर पडत नाही. चार फेऱ्यांत चाक गच्च भरतं, खाचा बुजतात आणि नवाकोरा टायर गोट्यासारखा गुळगुळीत होतो. मग गाडीला इंजिन कितीही ताकदीचं असो, चाक जमिनीला धरतच नाही. मुरमाड रस्त्यावर किंवा नदीच्या वाळूत ज्या गाडीनं कमाल केली, तीच गाडी इथं पन्नास पावलांत बसते. शेतात वाफसा आल्याशिवाय आपण तिफण घालत नाही. गाडीलाही वाफसा येऊ द्यावा. सकाळी ओला दिसणारा तुकडा पुष्कळदा दुपारपर्यंत वरून सुकतो आणि त्यावरून साधी गाडी निघून जाते. हे चार-पाच तास थांबणं कोणत्याही महागड्या गाडीपेक्षा स्वस्त आहे.

आता मोजमापाचं सांगतो, कारण मी ते पैसे गेल्यावर शिकलो. एक सरळ काठी आणि मोजपट्टी घ्या. पाणंदीत दोन चाकोऱ्यांच्या मधला जो वरंबा असतो, त्याच्या माथ्यावर काठी आडवी ठेवा, तिचं टोक चाकोरीच्या वर येऊ द्या आणि काठीपासून चाकोरीच्या तळापर्यंत अंतर मोजा. रस्त्यात जिथं जिथं वाईट वाटेल तिथं मोजा. सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवा. माझ्या पाणंदीत तो साडेसात इंच निघाला, म्हणजे १९० मिलिमीटर. आणि मी जमिनीपासून पोटापर्यंत १८० मिलिमीटर उंची असलेली गाडी घेऊन त्यात उतरलो होतो.

कंपनी ही जी उंची सांगते ती बहुतेक वेळा रिकाम्या गाडीची असते. पाच माणसं, डिकीत खताच्या दोन पिशव्या किंवा केळीचे घड टाकले की गाडी बसते आणि इंचभर उंची सहज जाते. क्रेटाची उंची १९० मिलिमीटर, टाटा पंचची १८७, नेक्सॉनची २०८, जिम्नीची २१०, थारची २२६. आणि बोलेरोची १८०. हा शेवटचा आकडा वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल, कारण आपल्या भागात शेताच्या बांधापर्यंत पोचणारी गाडी म्हटली की बोलेरोच डोळ्यांपुढं येते.

एवढ्या कमी उंचीवरही ती का पोचते, ते गाडीखाली वाकून पाहिलं की कळतं. बोलेरोला मागं अखंड अ‍ॅक्सल आहे आणि त्याच्या मधला लोखंडी गोळा खाली येतो. तो टायरसोबत राहतो, त्यामुळं वजन टाकलं तरी त्याची जमिनीपासूनची उंची तेवढीच राहते. वरंब्याला घासला तरी लोखंड आहे, माती खरवडून पुढं जातो. याउलट पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंजिनाचा चेंबर, सायलेन्सर आणि प्लॅस्टिकचे पत्रे खालच्या बाजूला असतात, आणि वजन पडलं की सगळी बॉडी खाली येते. म्हणून नुसता उंचीचा आकडा पाहू नका. शोरूममध्ये गाडीखाली टॉर्च मारा आणि सगळ्यात खाली काय लोंबतंय ते बघा. चेंबर असेल तर त्याखाली जाड लोखंडी गार्ड बसवता येतो का ते आधी विचारा. पुढचं बंपर किती पुढं आणि किती खाली आलंय तेही बघा. चारीच्या चढावर पहिला फटका त्यालाच बसतो.

फोर बाय फोरविषयी आपल्याकडं फार मोठा गैरसमज आहे. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते हे खरं. पण ती ताकद जमिनीत उतरवतो तो टायर. चारही टायर मातीनं भरले तर चारही जागेवर फिरतात, आणि ब्रेक मारताना तर फोर बाय फोरचा काहीच उपयोग नसतो. आमच्या नात्यातला एक मुलगा माँट्रियलला असतो. तिथं क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर लावणं कायद्यानं सक्तीचं आहे. फोर बाय फोर सक्तीचं नाही. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सोडतं, म्हणून तिथं सरकारनं टायर धरला. आपल्याकडं तेवढी थंडी नाही आणि ते टायर आपल्याला नकोतही, पण विचार कसा करायचा ते या कायद्यातून शिकण्यासारखं आहे.

ज्याची वाट नाल्यातून जाते, दुसरा रस्ताच नाही, आणि रात्री-अपरात्री निघावंच लागतं, अशा माणसानं फोर बाय फोर घ्यावी. वस्तीवर राहणारा डॉक्टर, दूध गोळा करणारा, घरात सतत दवाखान्याचं काम असलेलं कुटुंब, यांनी त्यावर पैसे टाकावेत. बाकीच्यांनी तो पैसा चार चांगल्या टायरांवर, चेंबरच्या गार्डवर, बारा व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या हवेच्या पंपावर आणि ओढायच्या पट्ट्यावर खर्च करावा. चिखलात उतरताना ३२-३३ ची हवा २४-२५ वर आणली की टायर पसरतो आणि रुतणं कमी होतं. डांबरी रस्त्याला लागायच्या आधी मात्र ती पुन्हा भरायलाच हवी, कमी हवेवर वेगात गेलं की टायर तापून फुटू शकतो. टायर घेताना त्याच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. खाच १.६ मिलिमीटरपर्यंत आली की तो टायर नियमानंच बाद. काळ्या मातीसाठी तर मी त्याच्या बऱ्याच आधी बदलतो.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी की मागच्या, हेही विचारा. पुढच्या चाकांवर इंजिनाचं वजन असतं, त्यामुळं रिकामी गाडी हलक्या चिखलातून बऱ्यापैकी निघते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी रिकामी असली की शेपूट घसरवते, पण माल भरला की तिच्यासारखी खेचणारी दुसरी नाही. म्हणून आपल्याकडचे जुने ड्रायव्हर रिकाम्या जीपमध्ये खताची पोती टाकून ठेवतात. ती पोती नीट बांधा, नाहीतर ब्रेक मारला की माणसाच्या पाठीत येतील. काही गाड्यांत एक चाक फिरायला लागलं की दुसऱ्याला ताकद देणारं लॉकिंग डिफरन्शियल मिळतं. बोलेरो निओच्या वरच्या एका मॉडेलमध्ये कंपनीनं ते दिलेलं आहे. आपल्या पाणंदीला ते फोर बाय फोरच्या खालोखाल उपयोगी पडतं.

पण गाडी काही रोज पाणंदीतच नसते. अर्धापूरहून नांदेडला दवाखाना, कॉलेज, बाजार, नातेवाईक. जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर, आणि वर्षाचा हिशोब केला तर पाणंदीपेक्षा कितीतरी जास्त. जी गाडी चिखलात शूर आहे ती डांबरावर कंबर मोडते, हे फार लोकांच्या गाडी घेतल्यावर लक्षात येतं. बोलेरोला मागं कमानीचे पाटे आहेत. ओझ्याला ते उत्तम, पण दोनच माणसं असली तर खड्ड्यावर उसळतात. थारची तीन दारांची गाडी तरुण पोरांना आवडते. तिच्या मागच्या सीटवर म्हाताऱ्या माणसाला चढवून बघा, मग ठरवा. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेला घरची सात माणसं निघाली की जिम्नीच्या चार सीट कुठं पुरणार?

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. आई, वडील, बायको, जे रोज गाडीत बसणार आहेत त्यांना न्या. आईला मागं बसवा आणि नुसतं बघा. पाय ठेवायला पायरी आहे का, धरायला दांडी आहे का, बसताना ती मांडी दोन्ही हातांनी उचलते का, उतरताना गाडीच्या दाराचा आधार घेते का. माझ्या आईनं दुसरी गाडी घेताना तीन गाड्यांत बसून पाहिलं आणि तिसऱ्या गाडीत ती काही न धरता बसली. मी तीच घेतली. विकणारा महामार्गावर गुळगुळीत फेरी मारून आणायला बघतो. त्याला सांगा, आमच्या पाणंदीच्या तोंडापर्यंत चला. येत नसेल तर दुसऱ्या शोरूममध्ये जा. तिथं पोचल्यावर तुम्ही स्वतः मागच्या सीटवर बसा, दुसऱ्याला चालवायला द्या.

डिझेल घेणाऱ्यांना एक सावधगिरी. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस सिक्स डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळी तापली की काजळी जळून जाते, आणि ती तापायला गाडी मधूनमधून पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगानं चालावी लागते. घर ते शेत तीन किलोमीटर आणि शेत ते घर तीन किलोमीटर एवढंच करणाऱ्याची जाळी तुंबते, समोर दिवा लागतो आणि खर्च मोठा येतो. रोज नांदेडला जाणाऱ्याला ही अडचण सहसा येत नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्यानं पेट्रोल घ्यावं, किंवा आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर काढावी. थंडीत पहाटे डिझेल गाडी सुरू करताना हीटरची खूण विझेपर्यंत थांबा, मगच चावी पुढं फिरवा.

आता स्पष्टच सांगतो. रोज नांदेड, आठवड्यातून दोनदा शेत, रस्ता मुरमाचा किंवा बऱ्यापैकी, घरात चार-पाच माणसं: नेक्सॉन किंवा एक्सयूव्ही थ्री एक्सओच्या वर्गातली दोनशे मिलिमीटरच्या आसपास उंचीची गाडी घ्या, उगाच मोठी घेऊ नका. नेक्सॉनला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले, तसे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. आखाड्यावरच राहणं, ओझं, कच्ची वाट: बोलेरोच्या जातीची गाडी चालेल, पण त्या जातीत सुरक्षेचा विचार डोळे उघडे ठेवून करा. बोलेरो निओला एप्रिल २०२४ मध्ये त्याच संस्थेच्या चाचणीत एकच तारा मिळाला होता. दोन्ही हवं, पैसा आहे आणि माणसंही जास्त: स्कॉर्पिओ एन पाहा, तिला २०२२ मध्ये पाच तारे मिळाले आणि तिच्यात डिझेलला फोर बाय फोरही मिळते. २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप चाचणी आहे. घेणार त्या मॉडेलचे तारे विचारा, आणि मागं बसणाऱ्यांनाही पट्टा लावायला सांगा. तारे पट्टा लावलेल्या माणसासाठी असतात.

किमतीत मोठा फरक २२ सप्टेंबर २०२५ पासून पडलाय. चार मीटरच्या आतली, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतची गाडी १८ टक्के जीएसटीत आली, बाकीच्या ४० टक्क्यांत. थार तीन दारांचीच, पण १.५ लिटर डिझेलची मागच्या चाकांवरची १८ टक्क्यांत बसते आणि २.२ लिटरची फोर बाय फोर ४० टक्क्यांत. फोर बाय फोरची हौस किती रुपयांची आहे ते त्यावरून कळेल. हप्ता ठरवताना केळीचा चढा भाव धरू नका. अर्धापूरच्या माणसाला केळीचा भाव महिन्यात किती उतरतो हे मी सांगायला नको.

जुनी गाडी घेणार असाल तर सप्टेंबर २०२५ च्या मराठवाड्यातल्या पुराची आठवण ठेवा. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्या. सीटच्या खालच्या नटांना गंज आहे का पाहा. तीन मिनिटांचं काम आहे.

आणि पहाटेची धुई. ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर डिसेंबर-जानेवारीत पहाटे काही वेळा वीस पावलांवरचंही दिसत नाही. त्यात उसाची ट्रॉली पुढं असते. मोळ्या मागं दोन-तीन हात बाहेर आलेल्या असतात, त्यांनी लाल दिवे झाकलेले असतात, आणि ट्रॉली चालतेय की उभी आहे ते जवळ जाईपर्यंत कळत नाही. म्हणून गाडी घेताना खाली बसवलेले फॉग लॅम्प आणि मागचा लाल फॉग दिवा आहे का ते बघा. टचस्क्रीन किती इंची आहे त्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे. धुईत मोठा लाइट लावू नका, तो धुक्यावर आपटून पांढरी भिंत करतो. छोटा लाइट, फॉग लॅम्प, काच खाली करून कान उघडे. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला वाटतं गाडी उभी आहे. दिसतच नसेल तर रस्ता सोडून धाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात थांबा.

गाडीवर बारा-पंधरा लाख घालायच्या आधी एक अर्जही करा. पाणंद कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली, आणि शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडं वाट मागता येते. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना सुरू झाली, अशा योजनेत तुमच्या पाणंदीचं नाव आहे का ते ग्रामपंचायतीत विचारा. शेजारचे दहा शेतकरी एकत्र आले तर मुरूम पडतो, आणि त्या मुरमावरून दहाही घरांच्या गाड्या, केळीचे टेम्पो आणि आजारी माणसं निघतात.

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांना हात जोडून विनंती: आज संध्याकाळी कारखान्याला ट्रॉली भरायच्या आधी तिच्या मागच्या फळीवर, मोळ्यांनी झाकणार नाही अशा खालच्या जागी, लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावा. मागून येणाऱ्या गाडीत कुणाची तरी आई बसलेली असेल.